ओयाकोदोन: अंडे रबरासारखे का होते, भात गिच्च का होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दोन वर्षे जपानमध्ये ओकायामाला शिकत होता, परत आल्यापासून त्याला तिथले ओयाकोदोन, म्हणजे वाडग्यातल्या भातावर रसातली कोंबडी आणि अंडे, हवे असते. आईने तीनदा करून पाहिले. अंडे रबरासारखे झाले, भात गिच्च झाला, वाडग्याच्या तळाशी पाणी साचले. यात घालतात त्या मिरीन नावाच्या गोड जपानी द्रवात दारू असते म्हणून ते घरात आणायचे नाही. सासूबाईंना अंडे चालते, कोंबडी चालत नाही. आणि शेवटी, हे डब्यात देता येईल का?

ताई, तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते. आपण भातावर आमटी वाढतो त्या हिशेबाने तुम्ही हे केले आहे. आपल्याला भात कालवायचा असतो, म्हणून रस्सा सढळ लागतो आणि वरचे सगळे नीट शिजून एकजीव झालेले लागते. ओयाकोदोन कालवत नाहीत. वाडगा हातात धरायचा, काड्या नाहीतर चमचा वरून सरळ खाली घालायचा आणि एकाच घासात वरचे लुसलुशीत अंडे, मधला कोंबडीचा तुकडा आणि रस लागलेला भात उचलायचा. अगदी तळाची चार शिते पांढरी राहिली तरी चालतात, मला तर ती तशीच आवडतात. हे एकदा मनात बसले की रस किती, अंडे किती शिजवायचे, भात कसा हवा, ही सगळी मापे आपोआप बदलतात.

मी ओसाकातल्या एका लहान खाणावळीत नऊ वर्षे काम केले. दुपारच्या गर्दीत चार शेगड्यांवर चार छोटी पातेली चालायची, बशीएवढी, उथळ, आणि दांडा आडवा नसून सरळ वर उभा. त्याला ओयाको-नाबे म्हणतात. एका पातेल्यात एकाच माणसाचे. दहा माणसे असली तरी दहा वेळा, हा नियम कधी मोडला नाही. घरी चौघांचे एका कढईत करायला गेलात की मधले अंडे कच्चे राहते, कडेचे वातड होते आणि ते भातावर अखंड सरकत नाही, पळीने काढावे लागते. तुमच्याकडे 18 ते 20 सेंटीमीटरचा ऑम्लेटचा तवा असेल तर तोच घ्या, त्यावर बसणारे झाकण शोधा, आणि एका वेळी एक वाडगा करा. एका वाडग्याला सात-आठ मिनिटे लागतात. घरात दोन लहान तवे असतील तर चौघांचे वीस मिनिटांच्या आत होते.

नावाचा अर्थ मुलाने सांगितलाच असेल: ओया म्हणजे आईबाप, को म्हणजे मूल. कोंबडी आणि तिचे अंडे. शेवटचे ‘दोन’ हा दोनबुरी या शब्दाचा तुकडा. दोनबुरी म्हणजे खोलगट वाडगा आणि त्यातले भातावरचे जेवण, दोन्ही. तोक्योच्या निंग्योचो भागात तामाहिदे नावाचे 1760 पासूनचे दुकान आहे, झुंजीच्या जातीच्या कोंबड्याच्या नाबेसाठी प्रसिद्ध. नाबे म्हणजे टेबलावरच उकळत राहणारे पातेले. ते संपत आले की उरल्या रसात गिऱ्हाईक अंडे फोडून घालायचे आणि भाताबरोबर खायचे. 1891 मध्ये पाचव्या पिढीच्या मालकाच्या पत्नीने, तोकु यामादा यांनी, ते थेट भातावर घालून वाडग्यात दिले. सुरुवातीला ते फक्त बाहेर पोचवायचे, कारण चांगल्या दुकानात बसून भातावर रस ओतून खाणे कमीपणाचे मानत. मला ही हकिकत महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी की तो रस मुळात नाबेच्या तळाशी आटलेला, चवीला दाट आणि मोजकाच होता. आजही तो तसाच हवा.

आता भात. माझ्या हिशेबाने निम्मे काम इथेच होते. बासमती घेऊ नका. त्याचे दाणे सुटे राहतात, रस त्यांच्यामधून थेट तळाला जातो, आणि तुम्ही म्हणता ते पाणी साचते. जपानी तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो, म्हणून शिते एकमेकांना धरून राहतात आणि रस वरच्या थरात अडतो. जपानी तांदूळ आयात करून आणायची गरज नाही. इंद्रायणी घ्या. मावळातला हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहोराच्या वंशातला आहे, आणि त्याचा चिकटपणा या कामाला पुरेसा आहे. त्याला स्वतःचा वास आहे, जपानी तांदळाला तसा नसतो. मला तो वास शोयूबरोबर, म्हणजे जपानी सोया सॉसबरोबर, चांगला वाटतो, मुलाला वेगळा वाटेल. साधा आंबेमोहोरही चालतो, पण तो लवकर मोडतो.

एक गोष्ट आपल्या उलट आहे. आपल्या घरात जुना तांदूळ मानाचा, कारण तो मोकळा होतो. जपानमध्ये शरदात नवा तांदूळ आला की दुकानांवर शिनमाई, म्हणजे नवा तांदूळ, अशा पाट्या लागतात आणि लोक मुद्दाम तो घेतात. दोनबुरीला नवा किंवा फार तर त्याच वर्षातला घ्या. नव्याला पाणी कमी लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

जपानी माप गो नावाचे असते, 180 मिलिलिटर, म्हणजे साधारण 150 ग्रॅम तांदूळ. दोन वाडग्यांना दीड गो पुरतो. पहिले पाणी ओतले की एकदा हात फिरवून लगेच फेकायचे, कारण कोरडा दाणा पहिलेच पाणी सर्वांत जास्त पितो आणि त्यात कोंड्याचा वास असतो. मग बोटे फिरवून हलके धुवायचे, तीन-चार पाणी. चोळू नका, दाणा मोडला तर पिठूळ होतो. अर्धा तास भिजत ठेवा, थंडीत तासभर, मग चाळणीत निथळू द्या. 270 मिलिलिटर कोरड्या तांदळाला 300 मिलिलिटर पाणी धरा. नव्या इंद्रायणीला 280 पुरेल. नेहमीच्या जेवणापेक्षा दोनबुरीचा भात थोडा घट्टच ठेवतात, कारण वरून रस येणार असतो.

कुकरमध्ये लावू नका. गिच्चपणाचे तुमचे कारण बहुधा तेच आहे. जाड बुडाचे पातेले घ्या, घट्ट झाकण लावा, मध्यम आचेवर उकळी आणा, आच अगदी मंद करून 12 मिनिटे ठेवा, गॅस बंद करून आणखी 10 मिनिटे झाकण न काढता वाफेवर राहू द्या. मीठ नाही, तूप नाही. मग ओला लाकडी उलथना कडेने घालून भात खालून वर उलटा, कापत कापत, दाबून नको. प्रत्येक शित चकाकायला हवे.

रसाला पाया दाशीचा, म्हणजे दोन वाळलेल्या जिनसांचा अर्क उतरवलेल्या पाण्याचा. समुद्री शेवाळाची जाड वाळलेली पट्टी असते ती कोम्बू, आणि वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप म्हणजे कात्सुओबुशी. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर ठेवा. बुडाला बारीक बुडबुडे दिसायला लागले, पाणी बोटाला चांगलेच चटकते आहे, अशा वेळी कोम्बू काढा. उकळू दिलात तर बुळबुळीतपणा आणि कडवट वास उतरतो. मग पाणी उकळीला आणून गॅस बंद करा, 20 ग्रॅम कात्सुओबुशी टाका, दोन मिनिटांनी गाळा. पिळू नका. बोअरचे जड पाणी असेल तर फिल्टरचे वापरा. जड पाण्यात कोम्बूची चव नीट उतरत नाही. ही चव म्हणजे काय, हे तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये शोधले: कोम्बूतले ग्लुटामेट. माशातले इनोसिनेट त्याला भेटले की दोन्हींची चव कितीतरी पट वाढते, म्हणून हे दोघे नेहमी जोडीने येतात.

हे सगळे मिळत नसेल तर माझ्या मते सर्वांत चांगला घरगुती उपाय तुमच्या ओट्यावरच आहे. कोंबडीच्या मांडीचे हाड काढाल ते फेकू नका. अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर 40 मिनिटे उकळा, फेस काढत राहा, शेवटी कोम्बूचा लहानसा तुकडा मिळाला तर घाला. तयार दाशीचे दाणे वापरणार असाल तर त्यात मीठ असते, तेव्हा शोयू थोडा कमी करा.

मिरीन म्हणजे चिकट तांदूळ, कोजीची बुरशी आणि मद्य यांपासून मुरवलेला गोड द्रव. खऱ्या मिरीनमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास मद्य असते, शिजताना बरेचसे उडते, सगळे नाही. तुमच्या घरात आणायचे नाही हे पक्के आहे तर मन खट्टू करू नका. एका टेबलचमचा मिरीनऐवजी एक टेबलचमचा दाशी आणि एक चहाचा चमचा साखर. तकाकी थोडी कमी येईल, बाकी वाडगा बिघडणार नाही. व्हिनेगर मात्र घालू नका, कुठेतरी तसे सुचवलेले असते आणि अंड्याला तो आंबटपणा शोभत नाही. साखर गुळाने बदलूनही मी पाहिले. गुळाचा वास वर येतो आणि दाशी हरवते.

शोयू जपानीच घ्या, यात तडजोड करू नका. सोयाबीन आणि गहू मुरवून केलेला, पातळ आणि लालसर असतो. चायनीजच्या गाडीवरचा काळा दाट सॉस रंग देतो, चव देत नाही. बाटलीवर घटक वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी याहून फार काही नको. ओसाकाकडे फिका शोयू वापरतात, त्याला उसुकुची म्हणतात. रंगाने हलका पण मिठाला नेहमीच्यापेक्षा जास्त, त्यामुळे फिका दिसतो म्हणून जास्त ओतू नका.

एका वाडग्याचे माप: दाशी 80 मिलिलिटर, शोयू 20, मिरीन 20, साखर अर्धा चहाचा चमचा. मिरीन नसेल तर दाशी 100 आणि साखर एकंदर दोन चहाचे चमचे. 100 ग्रॅम कोंबडी, पाव मोठा कांदा, दोन अंडी, आणि वाफाळता भात साधारण 220 ग्रॅम. हे मोजून घ्या. पहिल्या चार वेळा तरी अंदाजाने ओतू नका.

कोंबडी मांडीची, हाड काढलेली. छातीचे मांस चार मिनिटांत कोरडे पडते. दुकानदार सवयीने कातडी काढतो, त्याला आधी सांगा कातडीसकट दे म्हणून, तिच्यातली चरबी रसाला अंग देते. सुरी तिरकी धरून दोन सेंटीमीटरचे काप करा, म्हणजे जाडी सारखी राहते आणि शिजायला सारखा वेळ लागतो. आले-लसूण लावायचा मोह होईल. आवरा. हळदही नको. वास येईल अशी भीती असेल तर एक चहाचा चमचा शोयू लावून दहा मिनिटे ठेवा, तेवढे पुरते. कांदा उभा, अर्धा सेंटीमीटर जाड कापा.

अंड्याकडे मात्र जवळून बघू या, कारण तुमचे रबर इथे तयार होते. दोन अंडी वाटीत फोडा. फेटायचे काट्याने नाही आणि जोराने तर नाहीच. काड्यांची टोके वाटीच्या तळाला टेकवा, आणि न उचलता मागे-पुढे आठ-दहा वेळा ओढा. जाड पांढऱ्याचे गोळे तुटतात, पिवळे फुटते, पण दोन्ही मिसळत नाहीत. वाटीत पांढरे आणि पिवळे पट्टे वेगळे दिसायला हवेत. पांढरे 60 अंशांच्या पुढे दुधाळ व्हायला लागते आणि पुरते घट्ट व्हायला 80 पर्यंत जाते. पिवळे 65 ला दाट होऊन 70 च्या आसपास बसते. ते वेगळे राहिले तर एकाच घासात रेशमी पांढरे आणि दाट पिवळे दोन्ही लागते. फेस येईपर्यंत फेटलेत की सगळ्याचे एकच पोत होते, ऑम्लेटसारखे.

आता तवा. रस ओता, कांदा पसरा, मध्यम आचेवर उकळी येऊ द्या. दीड मिनिटाने कांदा कडेने पारदर्शक होतो. कोंबडीचे काप एकमेकांवर न चढवता लावा, दोन मिनिटांनी उलटा, आणखी दोन मिनिटे. सर्वांत जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी नको. आता रस कोंबडीच्या निम्म्यापर्यंतच उरलेला असला पाहिजे. जास्त असेल तर अंडे घालण्याआधी आटवा. तळाशी पाणी साचण्याचे दुसरे कारण हेच, अंडे घातल्यावर मग आटवायला वेळ उरत नाही.

रस सगळीकडून खदखदत असताना, आच कमी न करता, अंड्याचा दोन-तृतीयांश भाग काडीवरून बारीक धारेने ओता, मधून सुरू करून गोल फिरत कडेकडे. ढवळू नका. तवा हलकासा हलवा एवढेच. रसाचे बुडबुडे अंड्याला खालून फोडत वर येतात, त्यातून वाफ मधल्या भागात पोचते. थंड रसात ओतलेले अंडे खाली बसते आणि रस गढूळ होतो. झाकण ठेवा, 30 ते 40 सेकंद. झाकण काढा: कड बसलेली, मध्य थरथरतो आहे. उरलेले अंडे मधल्या ओल्या जागी ओता, झाकण ठेवा, दहा मोजा आणि गॅस बंद करा.

आमच्या खाणावळीतले मालक माझ्या मागे उभे राहत, आणि मला वाटे अजून अर्धे कच्चे आहे तेव्हाच त्यांचा हात पुढे येऊन नॉब बंद करी. पहिले काही महिने मला ते पटत नव्हते. गॅस बंद झाला तरी तवा गरम असतो, रस गरम असतो, खाली भात वाफाळता असतो. तव्यातून टेबलावर जाईपर्यंत अंडे आणखी बसते. तुम्ही तव्यातच हवे तसे झालेले अंडे बघून मग उतरवता, म्हणून पानात येईपर्यंत ते पुढे निघून जाते.

इथे एक फरक गंभीरपणे करायला हवा. जपानमध्ये अंडी धुऊन, तपासून विकतात, आणि खोक्यावरची तारीख कच्चे खाण्याच्या हिशेबाने असते. म्हणून तिथे वरचा थर जवळजवळ वाहता ठेवतात, मुलाला बहुतेक तीच आठवण आहे. आपल्याकडच्या साध्या अंड्यांवर मी तो भरवसा ठेवत नाही, साल्मोनेला जंतूंचा धोका खरा आहे. घरी मी दुसऱ्या वेळचे अंडे ओतल्यावर मंद आचेवर पूर्ण एक मिनिट झाकण ठेवतो आणि बंद केल्यावर आणखी एक मिनिट. वाहते पांढरे कुठेही दिसता कामा नये. लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस जेवणार असेल तर पिवळेही पुरते बसू द्या. पट्टे वेगळे ठेवलेले असतील आणि रस मोजका असेल तर एवढे शिजवूनही अंडे मऊच राहते.

वाडग्यात भात आधीच काढून ठेवलेला असू द्या, दाबून भरलेला नको. तवा तिरका करून सगळे एका घसरणीत भातावर सोडा. रस कमी वाटला तर वरून एक चमचा, त्याहून जास्त नाही. वर मित्सुबा नावाच्या जपानी पालेभाजीची पाने घालतात. आपल्याकडे ती मिळत नाहीत, कांद्याची पात बारीक चिरून घाला. कोथिंबीर चवीने फार बोलते, मी घालत नाही. तिखट हवेच असेल तर शिचिमी नावाची सात जिनसांची जपानी पूड चिमूटभर.

सासूबाईंसाठी वेगळा खटाटोप नको. क्योतोला किनुगासा-दोन असते: तळलेल्या टोफूच्या पट्ट्या, पातीचा कांदा, वर याच पद्धतीने अंडे. टोफूचे पातळ काप करून, पुसून, तेलात सोनेरी तळा आणि कोंबडीच्या जागी घाला, दोनच मिनिटे पुरतात. दाशी मात्र त्यांची वेगळी हवी, माशाची किंवा हाडाची नाही. कोम्बू 10 ग्रॅम आणि तीन वाळलेली शिताके अळंबी एक लिटर थंड पाण्यात रात्रभर ठेवा. अळंबीतले ग्वानिलेट माशातल्या इनोसिनेटचेच काम करते. बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात ही जोडी नेहमीची आहे. भिजलेली अळंबी चिरून वाडग्यातच घाला. त्यांचा वाडगा सगळ्यांच्या आधी करून घ्या, म्हणजे तवा आणि काड्यांचाही प्रश्न उरत नाही.

राहिला डबा. हे डब्यात देऊ नका. मऊ अंडे, रस आणि गरम भात बंद डब्यात चार तास राहिला तर आरोग्याला चांगला नाही, चवीलाही नाही. जपानी आया डब्यासाठी याच चवीचे सोबोरो-दोन करतात. 150 ग्रॅम कोंबडीचा खिमा, दीड टेबलचमचा शोयू, दोन चहाचे चमचे साखर, किसलेल्या आल्याचा रस, सगळे थंड तव्यात आधी मिसळा, मग गॅस लावा आणि चार काड्या एकत्र धरून सतत ढवळत दाणेदार कोरडे होईपर्यंत परता. दोन अंडी, चिमूट मीठ आणि अर्धा चमचा साखर घालून तशीच बारीक भुर्जी, पूर्ण शिजलेली. भात डब्यात पसरून आधी थंड होऊ द्या, मग अर्ध्या भातावर खिमा, अर्ध्यावर अंडे, मध्ये उकडलेल्या फरसबीची एक ओळ. झाकण सगळे गार झाल्यावर लावा.